शेऱ्याचा रकाना

मला आता चाकांची खुर्ची मिळाली आहे.
बेलापूरला, सेक्टर अकरात, चौथ्या मजल्यावर.
पायाने जरा रेटलं की टेबलापासून प्रिंटरपर्यंत जाते.
पहिल्या दिवशी सवयीने
खाली वाकून मी ब्रेक शोधला.

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या ढकलल्या.
घणसोली गावठाणात, गटाराच्या झाकणाशी
पुढची चाकं अडतात. तिथे वळून
खुर्ची उलटी चढवायची असते,
हे मला नवऱ्याच्या स्वभावाइतकं पाठ.

आता मी समन्वयक.
आई म्हणाली, म्हणजे काय करतेस?
म्हटलं, कोणी कुठे जायचं ते ठरवते.
"म्हणजे कंडक्टर?"
हसले. पण दुसरं उत्तर
संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

सकाळी आठला फोन सुरू.
रबाळ्याहून शबनम : मुलाला ताप आहे, आज नाही जमणार.
मग कोपरखैरण्याच्या आजोबांकडे कोण?
तुर्भ्याच्या सुलोचनाला वळवावं, तर
तिच्या अकराच्या बाईंना पलंगावरून उठवणार कोण?
लहानपणी जत्रेत मिळायचा तो खेळ,
पंधरा सोंगट्या, एक घर रिकामं.
फक्त इथे रिकाम्या घरात
कोणीतरी वाट बघत असतं.

स्क्रीनवर माणसं हिरवी, पिवळी, लाल आहेत.
हिरवा म्हणजे कोणी पोचलं.
लाल म्हणजे कोणी ओल्यात पडून आहे.
लाल रंगाला वास येत नाही.

मोरेश्वर मढवी. वय चौतीस.
सेरेब्रल पाल्सी, तीव्र. संवाद : नाही.
ते 'नाही' माझं नव्हे, आधीपासून होतं.
शेऱ्याच्या रकान्यात पन्नास अक्षरं मावतात.
मी लिहायला घेतलं :
हो म्हणायला डोळे मिटतो, नको म्हणायला जीभ गालात
आणि कर्सर थांबला.

बाहेर राहिलं ते असं :
चमचा डावीकडून.
चहा निवलेला, पण बशीत नको, बशीचा राग येतो.
पाणी आधी पायांवर, मग सांगून खांद्यावर.
बाप गेल्यापासून जिन्यातल्या पावलांकडे कान असतो,
"शेजारचे आहेत रे" एवढं म्हणायचं,
दर वेळी म्हणायचं.
ट्रकचा हॉर्न वाजला की हसतो.
का, ते मलाही माहीत नाही.

गुरुवारी नव्या मुलाचा फोन, प्रज्वल गायकरचा.
मॅडम, तोंडच उघडत नाहीयेत. दोन तास झाले.
मॅडम! मला.
कुठे बसलायस?
समोर.
डावीकडे ये. चमचा खाली ठेव.
आता फोन त्याच्या कानाला लाव.

काय बोलावं सुचेना.
अकरा वर्षांत त्याच्याशी फोनवर बोलायची
वेळच आली नव्हती.
म्हटलं, मोरू, रागावलास का रे माझ्यावर?
पलीकडे पंख्याची खरखर,
त्याच्या आईने भांडं ठेवल्याचा आवाज,
मग त्याचा श्वास.
प्रज्वल म्हणाला, मॅडम, डोळे मिटले त्यांनी. झोपले वाटतं.
नाही रे, म्हटलं.
हो म्हणतोय तो.

खोटं कशाला बोलू, परत जायचं नाही मला.
मनगट आता रात्री ठणकत नाही.
मुलीचा क्लास लागला.
डबा खाताना दोन्ही हात माझेच असतात.

सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकला :
शेऱ्याचा रकाना वाढवून मिळावा.
लगेच उत्तर आलं, भली माणसं आहेत :
किती अक्षरं हवीत, आकडा कळवा.

आकडा.
मी खुर्चीवरूनच प्रिंटरपर्यंत गेले,
काही काढायचं नव्हतं,
तशीच परत आले.
तेवढ्यात कोपरखैरणे पुन्हा लाल.