शेरा: कापूस

सकाळी सातला एलोईसा मनोरा चढते.
एकोणसत्तर पायऱ्या. सत्तरावी सैल आहे
हे तिच्या पायांना माहीत, कागदावर कुठे नाही.
खाली रिओ ग्रांदे. या दिवसांत नदी म्हणजे
वाळूवर कुणी बोटाने ओढलेली ओली रेघ.

वर, झाडांच्या टाळूच्याही वर,
एक यंत्र वाऱ्याची नाडी धरून उभं असतं,
सेकंदाला दहा वेळा:
किती वर गेला, किती खाली आला,
जाताना किती ओल घेऊन गेला.
कॉटनवूड पाणी पितात. पितात आणि सोडून देतात.
त्या सोडण्याचा हिशेब ठेवायला नेमलेला
हा लोखंडी कारकून, बिनपगारी,
पाठीवर सूर्याचं एक पॅनेल
आणि पायाशी बीव्हरने कुरतडलेली वायर.

तिचा मामा देल्फिनो एकतीस वर्षं पाटकरी होता.
कुणाची पाळी कधी संपते, रात्री कुणी फळी उचलली,
सगळं तोंडपाठ. वही ठेवली नाही.
तो विचारतो, झाडांची पाळी कुणी लावली?
ती म्हणते, लावली नाही, मामा. नुसतं मोजतोय.
तो म्हणतो, माझ्या बापाने दुष्काळात बैल मोजले होते.
मोजून झाल्यावर
विकले.

ती हातमोजे शोधू लागते.

मे महिन्यात कापूस सुटतो.
रस्त्यावर, कुंपणावर, कुत्र्याच्या नाकावर,
गाडीच्या जाळीत, दुकानातल्या मिरच्यांच्या माळांवर.
यंत्राच्या सहा बोटांत अडकतो
आणि वाऱ्याचे आकडे बरळू लागतात.
एलोईसा जुन्या टूथब्रशने बोटं साफ करते.
प्रत्येक बीला ओला गाळ हवा असतो, ताजा,
पूर ओसरतानाचा.
वर धरण झालं, पूर बंद झाले.
बिया उडतात, पडतात, वाळतात.
मनोऱ्याखाली एकही रोप नाही.
उभी आहेत ती सगळी एक्केचाळीसच्या पुरातली,
आणि देल्फिनोसुद्धा. त्याच्या आईला कळा सुटल्या तेव्हा
घरात गुडघाभर पाणी होतं, कोंबड्या छपरावर.

परवा तो म्हणाला, मला वर यायचंय.
नियमात बसत नाही.
हेल्मेट त्याला मोठं झालं, कानांवर टेकलं.
प्रत्येक टप्प्यावर थांबून त्याने
सांत इसीद्रोला हाक मारली, आणि एकदा शिवी हासडली.
एकोणसत्तराव्या पायरीवर ती म्हणाली, बस, पुढची सैल आहे.
तो कठड्याला रेलला. तोंड नेमकं यंत्रासमोर.

बराच वेळ काही बोलला नाही.
जन्मभर त्याने ही झाडं खालून पाहिली:
बुंधे, सावली, सरपण, डबा खायला जागा.
वरून दिसले
वाळलेले शेंडे, मैलभर,
हिरव्यातून बाहेर आलेली हाडं.
एवढी थकलीत, तो म्हणाला,
आणि मला एकानेही सांगितलं नाही.
मग धापा टाकत हसला. मग नुसत्या धापा.
मग खिशातून सफरचंद काढून
अर्धं तिला दिलं.

सोमवारी आल्बुकर्कीहून फोन.
ऑफिसातला व्हिटकम, पोरगा हुशार,
पण रोज आकडेच बघतो:
गुरुवारी अकरा वाजून सात मिनिटांनी
कार्बनची ही उसळी कसली? ओलसुद्धा वाढलीये.
साडेतीन मिनिटं. जंगल असं कधी करत नाही.

एलोईसाने खिडकीतून पाहिलं.
मामा ओसरीवर बसून फावड्याला धार लावत होता,
पाट सोपवून नऊ वर्षं झाली तरी.
खाडा धर, ती म्हणाली. सरासरीने भर.
कारण काय लिहू?
क्षणभर ती थांबली.
लिही, कापूस.