पाणी न वाजणारा नारळ

बाटल्या सोमवारी येतात, गोणीतून,
बाजारामागच्या भंगारवाल्याकडून.
चपट्या, जिनच्या. लेबलावर एक देवदूत
तलवार उगारून सैतानाच्या छातीवर उभा.
गरम पाण्यात बुडवल्या की आधी सैतान सुटतो,
देवदूताला नखानं खरवडावं लागतं.
अकरा वर्षं हेच माझं काम.
नाव रोसेन्दा. प्रयोगशाळेच्या पाटीवर ते नाही,
असायचं कारणही नाही.

माझा बाप तिबुर्स्यो माडावर चढायचा.
उतरवलेल्या ढिगातला एकेक नारळ कानाशी हलवायचा.
पाणी वाजलं नाही की बाजूला:
मकापुनो. पुनो म्हणजे भरलेला.
शंभरात दोन, फार तर तीन.
आत पाणी नाही, करकरीत खोबरंही नाही,
नुसता गर, पांढरा, लिबलिबीत, गोड.
मिठाईवाले तिप्पट भाव देत.
"एक पुरूया का?" मी सात वर्षांची.
बाप हसला. "ह्याला पोट आहे,
कूस नाही."

अर्धं खोटं होतं ते.
मऊ डोळ्याखाली गर्भ असतो,
शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढा, धडधाकट.
भोवती एवढं अन्न,
आणि त्यातलं काही त्याच्या अंगी लागत नाही.
भरल्या ताटावर उपाशी.
मागलासांग बाईंनी तो चिमट्यात धरून दाखवला,
तेव्हा मला बापाला हाक मारावीशी वाटली.
बाप तोवर वारला होता.

त्याला बाहेर काढतात. ब्लीचनं आंघोळ,
मग तीनदा उकळून थंड केलेलं पाणी,
चिमटा दर वेळी ज्योतीतून.
मग माझ्या बाटलीत,
साखर, क्षार आणि कोळशाच्या काळ्या जेलीवर.
दोन महिने अंधार.
कुणी बोलत नाही त्या खोलीत,
गरज नसते, तरी बोलत नाही.

कधी काठावर राखाडी बुरशीचं कडं उगवतं.
बाई माझ्याकडे बघत नाहीत,
इतक्या ठरवून बघत नाहीत की मला कळतं.
मग मी ती बाटली पुन्हा घासते,
आतल्यासकट.

वादळ आलं त्या वर्षी चार दिवस वीज नव्हती.
जनरेटरचं डिझेल दवाखान्यानं मागितलं,
आणि दिलं, दिलंच पाहिजे.
आम्ही बाटल्या तळमजल्यावर नेल्या,
नेमेस्यो वॉचमन, बाई, मी,
ओल्या गोणपाटात गुंडाळून,
अंधारात एकेक मोजत. दोनशे सहा.
छपराचा पत्रा रात्रभर काहीतरी सांगत होता.
पाचव्या दिवशी एकतीस जिवंत.
बाई पायरीवर बसून बिस्किट खात राहिल्या,
कोरडं, अख्खा पुडा.

त्या एकतिसांतलं एक आता जाळीच्या शेडमध्ये आहे.
काथ्याचा भुसा, वाळू, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.
काचेतल्या पानाला वारा ठाऊक नसतो,
मेणाचा थर नसतो अंगावर, एका दुपारीत सुकेल.
म्हणून पिशवीला रोज एक भोक,
उदबत्तीनं.
आज नववं.
पहिलं पान भाल्यासारखं, अजून न चिरलेलं.
मी कामाला जाताना थांबते. लागण कुणी केली,
हे ते विचारत नाही, बरंच आहे.

पुढच्या वर्षी त्याला डोंगरापलीकडे नेतील,
साध्या माडांच्या परागापासून लांब.
सहा-सात वर्षांनी धरेल. मग प्रत्येक नारळ,
शंभरातला शंभर, पाणी न वाजणारा.
बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.
मी हिशेब करत होते.
म्हणजे त्यातला एकही आपणहून रुजणार नाही.
प्रत्येकाला बाहेर काढायला कुणीतरी लागेल,
ज्योत लागेल, काळी जेली लागेल.

गोणीत आज चाळीस बाटल्या आहेत.
एकीत तळाशी घोटभर जिन उरलीय.
वास घेऊन ओतून देते
आणि पाणी तापत ठेवते.