तेरा नंबर, रेसिडेन्सी

मे महिना. नगर निगमसाठी मी बंगले मोजतोय.
तेरा नंबर : लाल विटा, टोकदार छप्पर,
बर्फ घसरून पडावा अशा उताराचं.
इंदुरात बर्फ सराफ्यात मिळतो, गोळ्याला.

टेपचं दुसरं टोक पागनीसबाईंनी धरलं.
"ती शेगडी नव्हे, फायरप्लेस."
आत गॅसचं सिलिंडर, त्याला क्रोशाची झालर.
"नकाशा साहेबाचा, गवंडी देपालपूरचा.
धूर कशाचा, हे त्याला कुणी सांगितलं नसणार.
तरी ओळंबा लावून बघा,
केसभर ढळलेली नाही."

मी वाकून वर पाहिलं.
पोस्टाच्या तिकिटाएवढं आभाळ,
आणि एक पीस,
खाली यायची त्याला घाई नव्हती.

फॉर्मात गच्ची आहे, पोर्च आहे, बोअरवेल आहे.
चिमणीला रकाना नाही.
"भाडेकरू?" मी विचारलं.
"चिमणीत? पाकोळ्या. दोन-तीन पिढ्या झाल्या,
भाडं देत नाहीत."

शेरा लिहिला : बांधकाम पक्कं. वापर,
इथं पेन अडलं.
बाईंनी टेप सोडली, ती सळसळत परत आली,
बोटाला चटका देऊन.

चौदा नंबरला कुत्रा आहे, अशी पाटी.
चिमणी तिथंही.