एकवीस सेकंद

माइमूचा निरोप आला: ब्राउझर रांगतोय, ये.
सायकलची साखळी गोठलेली, म्हणून चालत गेलो.
हीउमा बेटावर जानेवारीत कुणी घाई करत नाही,
पण तिला बर्फवाटेचं पान हवं होतं:
समुद्र गोठला का, गाडी पलीकडे नेता येईल का,
पलीकडे रोहुक्युलाला तिची बहीण लेइदा.

"आधी बघ तर," म्हणाली, आणि माउस दाबला.
पान पांढरं. मधोमध एक कडं फिरत राहिलं,
दाणा न घातलेल्या जात्यासारखं.
"एवढ्यात मी किटली भरून येते," म्हणाली, आणि गेलीही.

मी नेहमीच्या संशयितांपासून सुरुवात केली.
सहा वर्षांचा कॅशे उपसला, कुकी पुसल्या,
तीन टूलबार काढले, एक हवामानाचा, एक कूपनांचा,
एक कशाचा ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.
राउटर बंद करून चालू केला
(हे करावंच लागतं, वैद्याने आधी जीभ बघावी तसं).
माझ्या फोनवर तीच पानं टुणकन उघडत होती.
तिच्याकडे पुन्हा जातं.

मग घड्याळ लावून बसलो.
बर्फवाट: एकवीस सेकंद.
ग्रंथालय: एकवीस.
हेल्टरमाच्या बोटी: एकवीस.
आळस असा नसतो.
आळस कधी दहा घेतो, कधी चाळीस, कधी विसरूनच जातो.
दर वेळी एकवीस म्हणजे
कुणीतरी कुणाचीतरी मोजून वाट बघतंय.

सेटिंगच्या तळघरात उतरलो.
एका खिडकीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी,
तिथे एक जुनी स्क्रिप्ट, दोन ओळींची:
बाहेर जाण्याआधी या पत्त्यावर विचारा.
उत्तर नाही आलं तर आपले आपण जा.
पत्ता मोठ्याने वाचू लागलो, चार आकडे, तीन टिंबं.
तिसऱ्या टिंबापाशी स्वयंपाकघरातून आवाज आला,
"शेवटी सतरा ना?"

सतराच होते.

"खारवणीच्या खोलीत, जिन्याखाली असायचं ते यंत्र.
गरम राहायचं. एंडेल त्यावर जेवणाचा डबा ठेवायचा."
मासळीच्या कारखान्यात हिशेबाला होती, सव्वीस वर्षं.
लिलावात आपलाच कॉम्प्युटर उचलला, नऊ युरोला,
की-बोर्डवर तिनेच सांडलेली कॉफी तेवढी ओळखीची होती.
कारखाना पाडून अकरा वर्षं झाली.
फाटक होतं तिथे जुनिपर माजलाय.
आणि हा डबा अजून दर पानाला,
बोटीच्या वेळेला, लेइदाच्या नातवाच्या फोटोला,
टोपी हातात घेऊन त्या फाटकाशी उभा,
जाऊ का?
जाऊ का?

मी एक खूण काढली. एवढंच काम.
ती किटली घेऊन वळायच्या आत पान उघडलं:
बर्फवाट बंद. बर्फ अठरा सेंटिमीटर, बावीस हवेत.

तिने वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.
"बंद तर बंद," म्हणाली,
"पण एवढ्या तडकाफडकी सांगायचं काय अडलं होतं?"
मग काळा पाव कापता कापता विचारलं,
"मधलं काही ठेवता येत नाही? सात-आठ सेकंद?"
नाही, म्हटलं. एक तर अडणार, नाहीतर धावणार.
मान हलवली तिने. बर्फावरही तसंच असतं:
पंचविसाच्या आत हाका, नाहीतर चाळिसाच्या वर.
मधल्या वेगाने खाली लाट उठते, बर्फ फुटतो.
आणि पट्टा सोडून बसायचं, उडी मारता यावी म्हणून.

पैसे घेतले नाहीत. तिने एक डबा दिला,
बिनलेबलाचा, शेवटच्या घाण्यातला.
"आत सार्डिन असेल किंवा स्प्रॅट. खाऊ नकोस, जुना आहे.
ठेव."

गल्लीच्या वळणावरून मागे बघितलं.
खिडकीत ती माउस दाबून उठली,
किटलीकडे निघाली, नेहमीच्या पावलांनी,
आणि तिच्या पाठीमागे पान केव्हाच उघडून बसलेलं,
वेळेआधी आलेल्या पाहुण्यासारखं.