पासंग

मिलवॉकीत, ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी,
लॉरेन व्हँडेहाय चष्मा स्वेटरच्या बाहीला पुसते
आणि माझ्याकडे न बघता म्हणते,
"थीओ, कुखेनबेकर जड झालाय."

जड म्हणजे शंभरात साडेपाच.
घेतला तेव्हा दोन होता.
मॅनिटोवॉकची कंपनी, दुधाच्या टाक्यांच्या झडपा करणारी.
तेव्हा तिला कुणी भाव देत नव्हतं.
लॉरेन एकटीच गाडी काढून गेली होती,
कारखान्याच्या मागच्या अंगाला थंडीत उभी राहून
किती ट्रक रिकामे येतात, किती भरून जातात
हे पाकिटाच्या पाठीवर मांडून आली होती.
आता कंपनी भाव खाते.
न्यूयॉर्कची पोरं तिचं नाव घेतात,
चुकीच्या उच्चारात का होईना.

आमचा धंदाच उलटा.
पोर पहिलं आलं की त्याला वर्गातून उठवायचं
आणि मागच्या बाकावरच्या नापासाला
त्याच्या जागी आणून बसवायचं.

बरं, विकायचं म्हणजे धाडकन विकताही येत नाही.
मोठी कंपनी नदीसारखी, कितीही उपसा, पत्ता लागत नाही.
ही आडातली झिरप.
दिवसाला चाळीस हजारांचं गिऱ्हाईक जेमतेम साठतं,
आणि आमच्याकडे जादा आहेत तीन लाख.
एकदम पोहरा सोडला तर गाळ वर येणार,
आम्हीच आमचा भाव पाडणार.
म्हणून रोज आठ हजार. एखाद्या दिवशी पाच.
मी शंभर-शंभरचे तुकडे करून सोडतो,
जेवताना नावडती भाजी
टेबलाखालून कुत्र्याला सरकवावी
तसा, चेहरा सरळ ठेवून.

एकविसाव्या दिवशी आर्लो कुखेनबेकरचा फोन आला.
कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.
"माझं काही चुकलं का?"
लॉरेन वायर ताणत खिडकीपर्यंत गेली.
सरोवराच्या कडेला पहिला बर्फ धरत होता,
मळकट, शिळ्या सायीसारखा.
"नाही आर्लो. तुझं सगळं बरोबर आलं.
म्हणूनच."
पलीकडून बराच वेळ नुसता यंत्रांचा आवाज.
मग तो म्हणाला, "बरं."
ते बरं कसलं होतं
हे तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पैसा चाललाय ओहायोला,
लायमाजवळच्या एका कंपनीत,
स्कूलबसच्या सीटा शिवणाऱ्या.
वसंतात साहेब सोडून गेला, उन्हाळ्यात मोठं कंत्राट.
शेअर सहा डॉलरला.
शिलाईयंत्रं, गोदाम, बँकेतली रोकड
सगळं मोडीत काढलं, देणी भागवली,
तरी नऊ उरतात.
मी म्हणालो, कुणीच घेत नाहीये.
ती म्हणाली, "मग काय, पोरं उभ्यानं शाळेत जातायत?"

पण मला ठाऊक आहे,
स्वस्त आणि सडलेलं
पहिले सहा महिने सारखाच वास मारतात.
तिनं एकदा बुटांची एक कंपनी घेतली होती.
तिचं नाव या मजल्यावर कुणी काढत नाही.

अडतिसाव्या दिवशी काटा दोनवर आला.
पडद्यावर सगळे रकाने हिरवे,
तागडी सरळ.
आर्लोनं कधीतरी दिलेली पोलादी झडप
लॉरेनच्या टेबलावर असते, मुठीएवढी, गार.
आज तिच्याखाली ओहायोचे कागद दाबून ठेवलेत.
तिचं वजन कुठल्याच रकान्यात धरलेलं नाही.
मी एकदा हातात घेऊन पाहिली,
ती बाथरूमला गेली होती तेव्हा.
दिसते त्यापेक्षा जड आहे.

जानेवारीत कुखेनबेकर आणखी बारा टक्के वर गेला.
ओहायो होतं तिथंच, उलट पंचवीस सेंट खाली.
लॉरेननं दोन्ही आकडे वाचले,
"छान," म्हणाली,
कशाला ते कळलं नाही,
आणि सँडविचचा कागद सोडवू लागली.