खांद्याचं माप

सेलूत नाही जमलं, परभणीला जावं लागलं.
सुमैया पठाण नावाची पोरगी, वय असंल पंचवीस,
माझा हात धरून हळूहळू वर नेला तिनं
आणि जिथं मी ओरडलो तिथंच थांबली.
"मास्टर, खांदा गोठलाय," म्हणली.
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस डिग्री,
डांबर चपलेला चिकटायलेलं,
आणि माझ्यात काय, तर गोठलंय!
हसू आलं. हसल्यावर पण दुखलं.

चाळीस वर्षं लोकांच्या खांद्यांची मापं घेतली.
सतरा, साडेसतरा, तालमीतला असला तर एकोणीस.
गिऱ्हाईकाचा एक खांदा उतरता असला
तर काही न बोलता आतून पाव इंच कापूस भरत आलो.
स्वतःच्या खांद्याकडं मात्र
सदरा अडकवायच्या खिळ्याइतकंही बघितलं नव्हतं.

तिनं कागदावर चित्रं काढून दिली.
काड्यांचा माणूस, नाक नाही, डोळे नाहीत,
रोज तीन येळा भिंतीवर बोटं चालवतो.
मुंगी चढती तसं चढा, म्हणली,
घाई नका करू, भिंत कुठं पळून जात नाही.

तर आता सकाळी उठून
मी भिंतीकडं तोंड करून उभा.
तर्जनी, मधलं बोट. तर्जनी, मधलं बोट.
आठव्या दिवसाच्या पाण्याच्या घागरी भरता भरता
प्रयाग विचारती,
"शाळेतली राहिलेली शिक्षा आता भोगायलेत का?"

बोट जिथं अडंल तिथं रेघ,
कापडावरच्या निळ्या खडूची, खाली तारीख.

भिंत तीच,
वैजूच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघांची.
पहिल्या दिवशी माझं बोट
तिच्या सहावीपाशी येऊन अडलं.
सहावीत तिला कबड्डीत घेतलं होतं शाळेनं.
मीच म्हणलो होतो, मग काज-बटणं कोण करील?
तीन आठवडे मी सहावीतच नापास.

दुपारी दुकानात, दाराच्या वरच्या कडीतून नाडी घातलेली,
लेंग्याचीच, दुसरी कुठून आणणार,
डाव्यानं खाली ओढायची की उजवा वर जातो.
समोरचा बबन सोनटक्के चहा गाळायचं सोडून बघतो,
"मास्टर, घंटा वाजवायलेत, पण देव कुठंय?"
संध्याकाळी मोठी कात्री चिंधीत गुंडाळून,
वाकून, हात लोंबता सोडून, हलू द्यायची.
किलोभर भरती ती. कितीक थान कापले हिनं,
आता नुसतीच झोके घेती.

रोज केलं असं नाही. खरं सांगतो.
लगीनसराईत बारा दिवस खाडा.
नवरदेवांची जाकिटं, करवल्यांचे ब्लाऊज,
रात्री दोनपर्यंत मशीन.
तेराव्या दिवशी भिंतीला लागलो
तर बोट चार बोटं खाली.
खाडा झाला की अंग पगार कापतं,
अर्ज-बिर्ज चालत नाही.

आता श्रावण.
सातवी गेली, आठवी गेली,
नववीत लई रडवलं,
दहावीची रेघ परवा ओलांडली.
तिच्यावर वैजूची रेघच नाही.
त्याच्यापुढं वाढली असंल ती जालन्यात,
कुणी मोजली नाही.
वरची भिंत सगळी कोरी,
एक पाल, अन् माझा निळा खडू.

फोनवर सांगितलं तिला, दहावीच्या वर गेलो.
खूप येळ हसली.
मग म्हणली, बाबा, मी पण सकाळी पळायलेय.
मैदानाला चार चकरा, कधी पाच.
तोवर पोरगं हे सांभाळतेत.
मला काय बोलावं सुचंना.
पायात काय घालतीस, विचारलं.
बूट घेतलेत, म्हणली,
पण पँट तुम्हीच शिवून द्या,
दुकानातली मांडीत आवळती.

माप सांग, म्हणलो.
तिनं सांगितलं, मी लिहून घेतलं.
वही हाताशी होती.
पण खडू हातात होता, हात वरच होता,
तिथंच लिहिलं.