शेऱ्याचा रकाना

माझं काम पाण्यात बघण्याचं.
ड्रम, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या,
पत्र्यावर कुणी विसरलेला टायर.
पळीत पाणी घ्यायचं, उजेडाला धरायचं,
वळवळलं तर नोंद, नोंदीवरून नोटीस.
चौदा वर्षं झाली. कीटकनाशक खातं, के-पूर्व.

मरोळ गावठाणात ब्रिजेट किणींची विहीर.
काठाशी क्रूस, क्रूसावर वाळलेला झेंडू,
खाली हिरवं, गार पाणी.
त्या दिवशी पळीत आलं
तीन पानांची शेपटी असलेलं काहीतरी,
आणि माझ्यादेखत
ओठ हातासारखा पुढे फेकून
त्यानं डासाची अळी ओढून घेतली.
बाबल्या घाडी खांद्यावरचा पंप उतरवत म्हणाला,
"साहेब, हा तर आपल्याच खात्यातला."

वर रहाटाच्या गंजक्या कण्यावर
त्याची थोरली भावंडं बसली होती, पंख मिटून.
टाचण्या.
लहानपणी आम्ही दोरा बांधायचो तो चतुराला.
टाचणीला कुणी बांधला नाही,
बांधायला तिच्यात जागाच कुठे होती?

मग रजिस्टरची मागची पानं भरू लागली.
पुढून डास, मागून टाचण्या.
"कण्यावर नर. आठवं वलय सगळं निळं."
"पाय पिवळे. उडताना लोंबतात."
"अतिशय लहान. तांदळाच्या लोंबीएवढी. गवतातच राहते."
एक नारिंगी मादी तीन महिने
मी वेगळी जात म्हणून लिहीत होतो.
कॉलेजातली तंझीला परकार भिंग घेऊन आली.
हसली नाही, एवढं तिचं सौजन्य.
"ही तीच. कोवळेपणी नारिंगी, मग रंग उतरतो."
तीन महिने मी लाल शाईनं खोडले.

एक मात्र राहिली.
नऊ ऑक्टोबर, सकाळी आठ चाळीस.
मातकट. खांद्यावर फिकी रेघ.
पंखाच्या टोकाचा ठिपका
चौकोनी की तिरका, तेवढ्यात उडाली.
दोन दिवसांनी पुन्हा आली, अळूच्या पानावर.
तंझीला फोटो मोठा करत गेली,
शेवटी त्यात नुसते चौकोन उरले.
"मादी आहे. मानेमागची कड बघावी लागेल.
म्हणजे धरावी लागेल. धरून, मारून..."
पुढचा शब्द दोघांनाही माहीत होता.
टाचणीला टाचणी.
विनोद समोर पडलेला होता, उचलला कुणीच नाही.

खात्याच्या हिशेबात मी
मोजता येणार नाहीत इतके जीव मारलेत.
त्यात एक अजून, तर हात का मागे आला
ते मला विचारू नका.
रकान्यात लिहिलं : ओळख पटली नाही.

नोव्हेंबरात परिपत्रक निघालं,
उघड्या विहिरी बंदिस्त करण्याबाबत.
नोटीस घेऊन मीच गेलो.
ब्रिजेटबायनं चष्मा शोधला, वाचली,
खालपर्यंत वाचली.
"सही तुझीच ना?"
"हो."
"मंग बस. चाय पिऊन जा."

जाळी बसली. बारीक,
डासाला डोकं घालता येणार नाही अशी.
तपासणीला वाकलो तर आतून
एक टाचणी जाळीला पाय रोवून लटकलेली,
नुकती कातीतून निघालेली,
पाण्यासारखी, बिनरंगाची.
रंग चढायला वेळ लागतो
आणि रंगाशिवाय नाव नाही.
मी मोजपट्टी काढली. ठेवून दिली.
बाबल्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी क्रूसाकडे.
स्क्रूड्रायव्हरचा आवाज झाला तो
रजिस्टरात लिहायचा नसतो.

विहीर क्रमांक सतरा. बंदिस्त.
अळ्या : नाहीत.
शेरा : नैर्ऋत्य कोपरा सैल.
पुढील तपासणीत पाहणे.